उन्हाळ्यात गावी परतल्यावर आधी विहीर बघा



कारखान्याचा पट्टा पडला की आपल्या पाटोदा तालुक्यातले रस्ते पुन्हा गजबजतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून संसार परत येतात, दिवाळीच्या सुमारास लावलेली कुलपे निघतात. शाळेसाठी आजी-आजोबांजवळ मागे ठेवलेली पोरे आईच्या पदराला बिलगतात. घर झाडून होते, चूल पेटते आणि घरधनी विहिरीकडे जातो. पाच-सहा महिने बंद असलेल्या मोटारीचा स्टार्टर दाबतो. मोटार घुं घुं करते, पण फिरत नाही. तो पुन्हा दाबतो. तिसऱ्या खेपेला जळका वास येतो. मुकादमाची उचल फेडून हातात राहिलेले चार पैसे वायंडरच्या दुकानात जातात.

दुसरी गोष्ट याहूनही वाईट. मोटार चालू होते, पाणी येते, सगळे खूष होतात. पण ते पाणी सहा महिने साचलेले असते. त्यात पाला कुजलेला असतो, पारवे घाण करून गेलेले असतात, एखादा उंदीर मरून पडलेला असतो. घरातली माणसे तेच पाणी पितात. मृगाच्या पहिल्या पावसात शिवारातली घाण वाहून विहिरीत उतरते आणि आठ दिवसांत घरातल्या लहान लेकराला जुलाब लागतात. मोटार जळाली तर ती पुन्हा भरून घेता येते. लेकराचे तसे नसते.

विस्ताराच्या कामात माझी बरीच वर्षे तुमच्या बांधांवर गेली. बियाणे, खत आणि फवारणी यांवर आपण पुष्कळ बोलतो, विहिरीवर मात्र ती आटली म्हणजेच बोलतो. म्हणून आज फक्त दोन गोष्टी सांगतो : मोटार-पंपाची निगा कशी ठेवावी आणि विहिरीचे पाणी जंतुरहित कसे करावे.

मोटेची निगा, मोटारीची निगा

ज्यांच्या घरात अजून जुनी माणसे आहेत त्यांनी त्यांना मोटेविषयी विचारावे. चामड्याच्या मोटेला तेल पाजले जाई. चाकाला आणि कण्याला वंगण दिले जाई. नाडा आणि सोंदूर कुठे झिजला आहे का, हे रोज हाताने चाचपून पाहिले जाई. कारण नाडा तुटला तर बैलाला इजा होई, कधी माणसाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या दारी आला, पुढे पंप आले, गावोगाव वीज आली. मोट गेली हे चांगलेच झाले. पण मोटेबरोबर ती रोज हात फिरवण्याची सवयही गेली, हे चांगले झाले नाही. मोटार लोखंडाची असली तरी तिलाही हात लागतो.

बटण दाबण्यापूर्वी

बंद मोटार चालू करण्याआधी अर्धा तास काढा. पहिले काम मेन स्विच बंद करण्याचे. फ्यूज काढून खिशात ठेवा, म्हणजे दुसरा कोणी येऊन तो लावणार नाही.

आता मोटारीचा दांडा हाताने फिरवून बघा. तो सहज फिरला पाहिजे. जाम असेल तर आत गंज धरला आहे, नाहीतर पंपाच्या पंख्यात खडा किंवा काटकी अडकली आहे. अशा मोटारीला वीज दिली की ती घुं घुं करते आणि गुंडाळी तापून जळते. सुरुवातीची ती घुं घुं म्हणजे मोटारीची हाकच असते. ती ऐकून लगेच बंद केले तर मोटार वाचते, पुन्हा पुन्हा दाबले तर जाते.

दुसरे, गुंडाळीतील ओल. पावसाळ्यात उघडी राहिलेली किंवा दमट खड्ड्यात असलेली मोटार ओल धरते. तारतंत्र्याकडे मेगर नावाचे यंत्र असते. त्याने गुंडाळी आणि लोखंडी अंग यांमधील रोध मोजता येतो. तो १ मेगओहमपेक्षा कमी भरला तर मोटार उघडून कडक उन्हात वाळवावी आणि पुन्हा मोजावी. एवढ्या मोजणीने रिवायंडिंगचा मोठा खर्च वाचतो.

तिसरे, स्टार्टरची पेटी. ती उघडून बघा. पालींची अंडी, मुंग्यांचे वारूळ, कोळ्यांची जाळी, काय वाटेल ते सापडते. कोरड्या ब्रशने साफ करा. काळे पडलेले कॉन्टॅक्ट तारतंत्र्याकडून घासून किंवा बदलून घ्या. सैल स्क्रू आवळा, कारण सैल जोडणी तापते आणि तापलेली तार फेज घालवते. तीनांपैकी एक फेज गेला तरी मोटार ओढत राहते आणि काही मिनिटांत जळते. यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि ओव्हरलोड रिले ही दोन राखणदार साधने आहेत. रिलेचा काटा मोटारीच्या नामपट्टीवर लिहिलेल्या अँपिअरवरच ठेवा. थ्री फेज मोटार पूर्ण भाराला अश्वशक्तीमागे साधारण दीड अँपिअर घेते, म्हणजे ५ अश्वशक्तीची सात-साडेसात. रिले सारखा पडतो म्हणून काटा वर सरकवणे म्हणजे भुंकणाऱ्या कुत्र्याला हाकलून चोराला वाट देणे होय.

फ्यूजमध्ये फ्यूजचीच तार घाला. जाड तांब्याची तार घातली की फ्यूज वितळत नाही, त्याऐवजी मोटार वितळते.

ऑटो स्विचबद्दल दोन शब्द. रात्री वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हावी, म्हणजे साप-विंचवाच्या वाटेने जावे लागू नये, ही तुमची अडचण खरी आहे. पण एका डीपीवरच्या साऱ्या मोटारी एका क्षणी सुरू झाल्या तर काय होते? मोटार सुरू होताना पूर्ण भाराच्या पाच-सहा पट वीज ओढते. सगळ्यांची ओढ एकदम आली की रोहित्र जळते आणि ऐन गरजेच्या दिवसांत सगळ्यांचेच पाणी बंद होते. म्हणून महावितरण ऑटो स्विच काढण्याचे आणि कपॅसिटर बसवण्याचे आवाहन सतत करीत असते. कपॅसिटर चांगल्या स्थितीत असला तर मोटार लाइनवरून कमी वीज ओढते आणि शेवटच्या विहिरीलाही दाब बरा मिळतो.

मोटार काय सांगते ते ऐका

काठावरच्या पंपाने पाणी उचलले नाही तर आधी फुटबॉल बघा. तळाच्या झडपेचे चामडे वाळून आकसले की पाणी भरता भरता खाली निघून जाते. उन्हाळाभर कोरड्यात राहिलेल्या झडपेचे हमखास असे होते. चामडे रात्रभर पाण्यात भिजवा, तरी बसले नाही तर नवे टाका. नंतर शोषण पाइपाचे सांधे तपासा. सुईएवढ्या छिद्रातूनही पंप हवा धरतो. सांध्यावर साबणाचा फेस लावून पंप चालवला तर जिथे फेस आत ओढला जाईल तिथे छिद्र आहे असे समजा.

पंप पाण्यापासून फार उंच नको. हवेच्या दाबाने पाणी सुमारे १० मीटर चढू शकते हे पुस्तकातले गणित झाले. प्रत्यक्षात ६ मीटर, म्हणजे २० फुटांच्या पुढे पंप रडू लागतो. पाणी खाली गेले की पंपही खाली घ्यावा लागतो. फुटबॉलची जाळी पाण्यात दीड-दोन फूट बुडालेली आणि तळापासून तितकीच वर असावी. गाळ ओढला तर पंपाचा पंखा झिजतो.

पाणी कमी येते पण मोटार ठीक फिरते, असे झाले तर फिरण्याची दिशा पाहा. पंपाच्या अंगावर बाण कोरलेला असतो. डीपीवर काम झाल्यावर कधी कधी फेज उलटे लागतात आणि पंप उलटा फिरतो. तीनपैकी कोणतेही दोन फेज आपसात बदलले की दिशा सुधारते.

ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळणे हा दोष नाही. ते थेंब दांड्याला थंड ठेवतात. एकेक थेंब मोजता येईल इतके गळू द्या. धार लागली तर दोन्ही नट थोडे थोडे, सारखे आवळा. एकदम करकचून आवळले तर दोरी जळते आणि दांड्याला चर पडते. बेअरिंगला ग्रीस द्या, पण घर ठासून भरू नका. निम्मे भरले तरी पुरे. जास्त ग्रीसनेही बेअरिंग तापते.

सबमर्सिबल मोटार पाण्याखाली असते, तिला आपण हात लावू शकत नाही. तिचे बोलणे अँपिअर मीटरवर ऐकायचे. नेहमीपेक्षा काटा फार खाली गेला तर पाणी संपले आहे. वर गेला तर गाळ, कमी दाब किंवा जाम. ती पाण्यानेच थंड होते, म्हणून कोरडी चालली की जळते. विहिरीत पाणी कमी असेल तेव्हा तिला एकटी सोडून गावात जाऊ नका.

ज्यांनी सौर पंप बसवला आहे त्यांची रात्रपाळी सुटली. त्यांनी पट्ट्यांवरची धूळ आठ-पंधरा दिवसांनी सकाळी, पट्ट्या थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावी.

विहिरीत पोरे पोहतात तेव्हा

शहरातील मुले पोहायला तलावात जातात. आपल्या मुलांचा पोहण्याचा तलाव म्हणजे विहीर. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून बापाने, काकाने पाण्यात ढकलावे आणि पोराने हातपाय मारीत शिकावे, हीच आपली शाळा. ती बंद करा असे मी म्हणणार नाही. पण ज्या पाण्यात पोरे पोहतात त्याच पाण्यात आता विजेची केबल लोंबते, हे विसरू नका.

ही माझ्या भावकीतली गोष्ट आहे. वैशाखातली दुपार होती. पाच पोरे विहिरीत होती आणि मोटार चालू होती. केबलचा एक सांधा दगडावर घासून उघडा पडला होता. एक पोरगा पायरीकडे येता येता एकाएकी ताठ झाला, हात हलेनात. काठावर बसलेल्या म्हाताऱ्या काकांनी आरडाओरडा केला नाही, उडीही मारली नाही. ते धावत खोलीकडे गेले आणि मेन स्विच पाडला. पोरगा वाचला. तो सांधा जोडणारा दुसरा कोणी नव्हता, मीच होतो. काळी पट्टी गुंडाळली आणि पुढच्या आठवड्यात नवी केबल आणू म्हणालो. तो आठवडा दोन वर्षे उगवला नाही. शेतीची पदवी घेतलेल्या माणसाच्या हातून हे झाले, म्हणून तुम्हाला बजावून सांगतो आहे.

घरात एक नियम करा : मोटार चालू तर पोहणे बंद, आणि पोरे पाण्यात असतील तर फ्यूज मोठ्या माणसाच्या खिशात. पाण्याखाली केबलला सांधा नको. टाळता येत नसेल तर जाणत्या माणसाकडून जलरोधक सांधा करून घ्या. ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-स्विच बसवा. विजेची गळती होताच तो क्षणात पुरवठा तोडतो.

अर्थिंगचा खड्डा कोळसा आणि मीठ घालून केलेला असतो. उन्हाळ्यात तो कोरडा पडतो आणि कोरड्या मातीतून वीज नीट उतरत नाही. त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. मोटारीचे अंग, स्टार्टरची पेटी आणि लोखंडी पाइप हे सर्व अर्थिंगला जोडलेले हवेत.

कोणाला विजेचा धक्का बसलाच तर हात लावू नका. आधी वीज तोडा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने तार दूर करा. माणूस श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरजोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगा.

विहिरीत उतरताना

बरेच दिवस बंद असलेल्या अरुंद विहिरीत किंवा आडात एकदम उतरू नका. खाली कुजक्या पाल्याचा वायू साठतो आणि प्राणवायू कमी असतो. दोराला पालेदार फांदी बांधून बराच वेळ खालीवर करा म्हणजे हवा हलते. कमरेला दोर बांधा आणि वर दोन माणसे ठेवा. डिझेल इंजिन विहिरीच्या आत कधीही चालवू नका. त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो आणि तो असूनही कंदील जळत राहतो. म्हणून कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाही. आत कोणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे दुसऱ्याने तसेच उतरू नये. एकामागून एक तिघे-चौघे अशाच रीतीने दगावतात.

पाणी किती, पावडर किती

आता पाण्याकडे वळू. १८५४ साली लंडन शहरात पटकीची मोठी साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी दगावलेल्यांची घरे शोधून दाखवून दिले की बहुतेक माणसे ब्रॉड स्ट्रीटवरील एकाच पंपाचे पाणी पीत होती. त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. पुढे कळले की पंपाच्या विहिरीशेजारीच एक शौचकूप झिरपत होता. ही गोष्ट इतक्या जुन्या काळची, पण आपल्या कितीतरी वस्त्यांवर आजही शोषखड्डा आणि विहीर शेजारी शेजारी आहेत. दोन्हींमध्ये निदान ५० फुटांचे अंतर हवे. विहिरीला कठडा हवा आणि भोवती पाणी बाहेर वळवणारा उतार हवा. जनावरे विहिरीपासून दूर बांधा.

विहीर साफ करून गाळ काढल्यावर ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपण जिला टीसीएल म्हणतो ती टाकायची. किती? अंदाजाने ओंजळभर टाकू नका. गणित सोपे आहे, आठवीतला पोरगाही करील. गोल विहिरीचा व्यास फुटांत मोजा. त्याला त्यानेच गुणा. पाण्याच्या खोलीच्या फुटांनी गुणा. शेवटी २२ ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येते.

समजा विहीर २० फूट रुंद आणि पाणी १० फूट. २० गुणिले २० म्हणजे ४००, गुणिले १० म्हणजे ४,०००, गुणिले २२ म्हणजे ८८,००० लिटर. चांगल्या प्रतीची पावडर १,००० लिटरला अडीच ग्रॅम लागते. म्हणजे ८८ गुणिले अडीच, २२० ग्रॅम.

पावडर कोरडी विहिरीत फेकू नका. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. २२० ग्रॅमला तीन बादल्या करा. आधी थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा आणि पाच-दहा मिनिटे ठेवा. चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या आणि ती बादली दोराने पाण्याखाली सोडून खालीवर, इकडेतिकडे हलवा. खालचा चुना विहिरीत टाकू नका, त्याने पाणी जड होते. हे काम रात्री करावे आणि निदान एक तास कोणी पाणी घेऊ नये. सकाळी पाणी तयार असते. एवढ्या मात्रेने जनावरांना किंवा पिकाला अपाय होत नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरीत मासे सोडले असतील तर मात्र ते आधी बाहेर काढा.

पावडर पोचली की नाही हे ओ.टी. चाचणीने कळते. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळसर होते. तासाभरानंतर विहिरीच्या पाण्यात लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, आणि घरात पिताना निदान ०.२ मिलिग्रॅम. रंग आला नाही तर पावडर जुनी आहे किंवा पाणी फार घाण आहे, मात्रा वाढवा. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक ही चाचणी करतात. त्यांना आग्रहाने बोलवा, लाजू नका.

विहीर फार मोठी असेल तर सगळी विहीर शुद्ध करण्यापेक्षा पिण्याची टाकीच शुद्ध करणे स्वस्त पडते. १,००० लिटरच्या टाकीला अडीच ग्रॅम पावडर पुरते. अडीच ग्रॅम घरात कसे मोजणार? किराणा दुकानात २५ ग्रॅम पावडर तोलून घ्या आणि आपल्या एका ठरावीक चमच्याने किती चमचे भरतात ते मोजा. तो चमचा त्याच कामासाठी वेगळा ठेवा. चहाच्या भांड्यांत मिसळू नका.

लहान आडासाठी दोन मडक्यांची रीत

नागपूरच्या नीरी या संस्थेने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, घरगुती आडासाठी दोन मडक्यांची सोपी रीत काढली आहे. एक मडके दुसऱ्यात बसते. आतल्या मडक्याला वरच्या बाजूस १ सेंटिमीटरचे छिद्र. १ किलो ब्लीचिंग पावडर आणि २ किलो जाड वाळू किंचित ओली करून त्यात छिद्राच्या ३ सेंटिमीटर खालपर्यंत भरायची. बाहेरच्या मडक्याला तळापासून ४ सेंटिमीटरवर छिद्र. तोंड प्लॅस्टिकने बांधून जोडमडके पाण्याखाली १ मीटर सोडायचे. सुमारे ४,५०० लिटर पाणी असलेल्या आणि रोज चारशे लिटरच्या आसपास उपसा असलेल्या आडाला हे दोन-तीन आठवडे पुरते.

मिठापासून क्लोरीन

अलीकडे मिठाच्या यंत्राविषयी लोक विचारतात. काही पाणीपुरवठा योजनांवर ते असते. कृषी पर्यटन केंद्रांच्या पोहण्याच्या हौदांवरही ते दिसू लागले आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले, तेव्हापासून आपल्याकडेही कोणी सौताड्याचा धबधबा पाहायला येणाऱ्यांसाठी शेतात हौद बांधावा का, असे विचारतो. म्हणून थोडक्यात सांगतो.

मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की मिठातला क्लोरीन सुटतो आणि पाण्यात जंतुनाशक द्रव तयार होतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या लहान यंत्रात लिटरला सुमारे ३० ग्रॅम मीठ घालून आधी द्रव करतात आणि मग तो टाकीत थोडा थोडा सोडतात. पोहण्याच्या हौदात मीठ सगळ्या पाण्यातच असते, लिटरला ३ ते ४ ग्रॅम. हौदाचा पंप ते पाणी यंत्राच्या पट्ट्यांमधून फिरवतो. पावडरीच्या पोत्याऐवजी मिठाचे पोते आणायचे, एवढीच सोय. यंत्राला निगा लागतेच.

आपले पाणी जड. त्यामुळे पट्ट्यांवर चुन्याचा पांढरा थर चढतो आणि क्लोरीन कमी पडतो. दर महिन्याला पट्ट्या बघा. थर असेल तर वीज तोडून, पट्ट्या बाहेर काढून साध्या पाण्याने धुवा, मग व्हिनेगरमध्ये भिजवा. सुरीने किंवा तारेच्या ब्रशने खरवडू नका. टायटॅनियमवरचा मौल्यवान लेप गेला की पट्टी गेली. मीठ स्वच्छ, आयोडीन न घातलेले घ्या. यंत्रातून हायड्रोजन वायू सुटतो, तो पेट घेणारा आहे. खोली हवेशीर हवी आणि तेथे बिडी नको. पाणी फिरत नसताना यंत्राला वीज मिळता कामा नये.

हौदाच्या पंपालाही वर सांगितलेलेच नियम लागू. त्याची जाळी रोज साफ करा. वाळूच्या गाळणीचा दाब वाढला की ती उलट्या पाण्याने धुवा. पाण्याचा सामू ७.२ ते ७.६ ठेवा. अर्थिंग आणि गळती-स्विच नसेल तर हौदात कोणालाही उतरू देऊ नका.

शेतीचा माणूस म्हणून एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. असल्या हौदाचे पाणी शेतात सोडू नका. ५०,००० लिटरच्या हौदात लिटरला ४ ग्रॅम मीठ म्हणजे २०० किलो मीठ झाले. चार पोती मीठ रानात फेकण्यासारखे ते आहे. काळी जमीन चिबड आणि कडक होईल आणि सुधारायला वर्षे जातील. शिवाय टँकरच्या वर्षी हौद भरणे शोभत नाही, हे कोणी सांगायला नको. मांजरा आपल्याच तालुक्यात उगम पावते, तरी उन्हाळ्यात हंड्याची रांग आपल्याला चुकत नाही.

हे कधीही करू नका

ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आणू नका. ठिबकच्या नळ्या साफ करताना काही जण दोन्ही एकाच टाकीत घालतात. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि फुफ्फुसे जाळतो. एक दिवस आम्ल, मग नळ्या साध्या पाण्याने पुऱ्या धुवून दुसऱ्या दिवशी क्लोरीन, असे करा. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नको.

पावडर खत, डिझेल किंवा कीटकनाशकाजवळ ठेवू नका. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी, पोरांच्या हाताबाहेर ठेवा. जास्त साठवू नका. उघडी राहिली की तिचा दम जातो.

घरातील कामाची वाटणी

एकट्या घरधन्याने हे सगळे करू म्हटले तर होत नाही. मोटार आणि अर्थिंग त्याने पाहावे. विहिरीचे माप आणि गुणाकार पोरांकडे द्यावा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पावडर टाकल्याची तारीख त्यांनाच लिहू द्या. टाकी, हंडे आणि वगराळे घरच्या बाईच्या नजरेखाली असतात. तिला चमच्याचे माप नीट समजावून द्या, कारण पाणी शेवटी तिच्याच हातून पोरांना मिळते. कारखान्याला जाण्यापूर्वी फुटबॉल वर काढून ठेवणे, स्टार्टरची पेटी बांधणे आणि मागे राहणाऱ्या आजी-आजोबांना पावडरीचा डबा दाखवून जाणे हेही ठरवून टाका. कारण तुम्ही कोपीत असता तेव्हा इकडची पोरे त्याच विहिरीचे पाणी पीत असतात.

आणि इतके करूनही एखाद्याला जुलाब झालेच तर १ लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजत राहा आणि दवाखाना गाठा. पाजणे थांबवू नका. बाळ अंगावर पीत असेल तर तेही चालू ठेवा.

तहान लागल्यावर विहीर खणू नये असे आपण म्हणतो. विहीर तर आपल्या वाडवडिलांनी खणून ठेवली आहे, पुष्कळांनी १९७२ च्या दुष्काळात हाताला फोड येईपर्यंत. आपल्याला फक्त ती राखायची आहे. या आठवड्यात पाऊस येण्यापूर्वी एक संध्याकाळ काढा. फ्यूज खिशात घाला, दोर घ्या, पोराच्या हातात वही-पेन्सिल द्या आणि दोघे मिळून विहिरीवर जा.